दोन कळांची तुतारी

फार फार जुनी गोष्ट. एका डोंगरावर गड होता, आणि खाली धुकं असं दाटायचं की स्वतःचा हात दिसू नये. एकदा शत्रूने ओळखीचे आवाज काढून दार उघडवलं होतं. तेव्हापासून गडकऱ्याने हाकेवर विश्वास टाकणं सोडलं. परतणाऱ्या तुकडीने तुतारी फुंकायची. सूर दारावरच्या घंटेशी जुळला तर दार उघडायचं, नाही तर वरून धोंडे लोटायचे.

गडावरच्या तांबटाने नवी तुतारी घडवली. तिला ओढून लांब करता येणाऱ्या दोन नळ्या आणि दोन कळा. एक दाबली की फुंक धाकट्या नळीतून वळसा घेई आणि सूर थोडा उतरे. दुसरी दाबली की थोरल्या नळीतून जाई, सूर आणखी उतरे. दोन्ही दाबल्या की घंटेचा सूर लागावा. तांबटाने धाकटी वेगळी तपासली, थोरली वेगळी.

बायको म्हणाली, "अहो, दोन्ही एकदम दाबून बघा की. आमटी वाढवली तर मीठही वाढवावं लागतं."

"नळी न् नळी बिनचूक आहे. दोन्ही मिळून चुकतील कशा? तू आपली आमटी सांभाळ," तांबट हसला. ती तुतारी घेऊन त्याचा धाकटा भाऊ तुकडीबरोबर गेला.

काही दिवसांनी धुक्यातून तुतारी वाजली. तांबट तटावरच होता. सूर घंटेपेक्षा किंचित चढा लागला.

"हा आपला सूर नव्हे," गडकरी म्हणाला. "लोटा धोंडे."

तांबटाला चूक उमगली. थोरली नळी जोडली की तुतारीच लांब होते, मग आखूड तुतारीच्या मापाची धाकटी नळी तिला पुरणार कशी? बायकोची आमटी त्याला आता कळली. पण चुकीची खूण बनवून देणाऱ्याला गडावर कडेलोट होता. बोलावं तर आपण मेलो, न बोलावं तर भाऊ. त्याने एकदा गडकऱ्याकडे पाहिलं, एकदा खाली धुक्यात. तेवढ्यात पहिला धोंडा सुटला आणि खालून किंकाळी आली.

"थांबा! माप माझं चुकलंय, सरकार. खाली माझा भाऊ आहे." तांबट तटावरून वाकला. "बाळा, धाकटी नळी बोटभर बाहेर ओढ आणि परत फुंक!"

गडकऱ्याने हात वर करून माणसं थांबवली. मग सूर आला, कापरा, पण घंटेशी जुळलेला. दार उघडलं.

उशिरा का होईना, खरं बोलला म्हणून गडकऱ्याने तांबटाचा कडेलोट माफ केला. भाऊ जगला, पण त्याचा एक पाय कायमचा गेला. पुढे अंगणात कुबडी वाजली की तांबट समोरची तुतारी उचलायचा आणि दोन्ही कळा एकदम दाबून बघायचा.

म्हणून म्हणतात, सुटं सुटं बरोबर म्हणजे जोडल्यावर बरोबर असं नसतं, आणि चूक उमगूनही गप्प बसलं तर तिचा धोंडा दुसऱ्याच्या पायावर पडतो.