चार खुरांचा धोंडा

झरवडीच्या पठारावर बिरोबाच्या देवळासमोर काळ्या कातळाचा हातभर उंच धोंडा आहे. त्यावर चार खळगे आहेत, दोन पुढे, दोन मागे, आणि प्रत्येक खळग्यात मेंढराचा खूर अगदी मापात बसतो. खोटे वाटत असेल तर दसऱ्यानंतरच्या रविवारी पठार चढून या. त्या दिवशी सात कळपांचे मेंढके आपापले एडके घेऊन येतात. काय एकेक एडके असतात! पिळदार शिंगांचे, गुडघ्यापर्यंत लोकर लोंबणारे, भंडाऱ्याने पिवळेधमक झालेले. आणि देवाच्या एडक्याचा मान मिळतो कोणाला, तर बहुतेकदा कोपऱ्यात उभ्या असलेल्या एखाद्या खुज्या, मळकट गड्याला. त्या वर्षी लग्न होऊन आलेली एखादी सून पुढे होते, अंगठ्याने एडक्याची खालची पापणी ओढते आणि जोरात ओरडते, "लाल!" मग ढोल असे काही कडाडतात की बाजूच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

पाहुणे हमखास हसतात. तुळाप्पा पुजारी त्यांना हसू देतात. पोटभर हसून झाले की देवळाच्या पायरीवर बसवून घेतात आणि ठकूची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा या पठारावर काळी, ठेंगणी मेंढरे असत. त्यांना अंगावर मांस कमी, लोकर राठ, आणि रूप तर विचारूच नका. सातही कळपांचा कारभारी होता केराप्पा. माणूस कर्ता, पण रूपावर भाळणारा. तो खालच्या कोरड्या मुलखात गेला आणि तिथून उंच, पांढरे, तांबड्या तोंडाचे एडके घेऊन आला. सगळे पठार बघायला लोटले. दोन-तीन वर्षांत जिकडे तिकडे पांढरी मेंढरे दिसू लागली. त्यातला राजा नावाचा एडका केराप्पाचा जीव की प्राण होता. स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी तो राजाला चारी.

त्याच सुमारास केराप्पाच्या घरात सून आली ठकू. माहेर कोकणकड्याच्या धारेवरचे, जिथे पाऊस धरला की सोडत नाही. आंदण म्हणून तिने एक एडका आणला होता. काळा, आखूड पायांचा, बिनशिंगांचा. म्हणून त्याचे नाव भुंड्या. त्याला बघून केराप्पा म्हणाला होता, "हा एडका हाय का चुलीतलं लाकूड?" सगळे हसले. ठकूही हसली, पण तिला ते लागले. माहेरचे म्हणावे असे तिच्याजवळ तेवढेच होते.

मग पठारावर पावसाची वर्षे आली. गवत कमरेएवढे वाढले आणि मेंढरे मात्र मरू लागली. हिरव्यागार चाऱ्यात उभी असलेली मेंढी खंगायची, हनवटीखाली पाण्याची पिशवी लोंबायची आणि एका सकाळी ती उठायचीच नाही. देवाचा कोप झाला, दुसरे काय! केराप्पा नवस बोलला. दर वर्षी दसऱ्यानंतर प्रत्येक कळपाने एक एडका बिरोबाला द्यायचा. आणि देवाला रोगट कसे द्यायचे? जो कधी आजारी पडला नाही, जो सगळ्यांत निरोगी, तोच द्यायचा, असा दंडक घातला. देवाशी लबाडी नाही. मोठ्या मनाने पठार आपले उत्तम एडके देत राहिले. पहिल्या वर्षी सात गेले, दुसऱ्या वर्षी सात गेले आणि रोग काही हटेना.

बळी पडला की वजडी धुण्याचे काम सुनांचे. वजडी म्हणजे पोटाचा कोथळा. मरायला टेकलेले मेंढरू कापले तरी ती धुवायची सुनांनीच. पुरुष तिकडे फिरकतही नसत. ओढ्यावर बसून ठकूने किती कोथळे उलटे केले असतील, याला गणती नाही. आजारी मेंढरांच्या कोथळ्यात तिला करगोट्याच्या पिळासारखे तांबडे-पांढरे बारीक जंत दिसायचे, बुजबुजलेले. देवाला दिलेल्या एडक्यांचा कोथळा मात्र जवळजवळ स्वच्छ असायचा. एकदा एका कोकराच्या डोळ्यात कुसळ गेले. ते काढायला तिने पापणी ओढली, तर आतून पांढरीफटक. चार दिवसांनी ते कोकरू गेले आणि त्याचे पोट जंतांनी भरलेले निघाले. त्या दिवसापासून ठकू दिसेल त्या मेंढराची पापणी ओढू लागली. लाल असली तर मेंढरू तगायचे. पांढरी असली की काही दिवसांनी हनवटीखाली पाणी आलेच म्हणून समजा. तिचा अंदाज एकदाही चुकला नाही म्हणे.

भुंड्याची पापणी कशी होती? पिकल्या करवंदाच्या आतल्या गरासारखी, लालभडक!

तिसऱ्या वर्षी निरोगी एडके शोधायला सगळे निघाले आणि सात कळपांत मिळून कसाबसा एक सापडला. तो भुंड्या. आता चुलीतल्या लाकडाची सगळ्यांना एकदम आठवण झाली. रविवारी त्याला हळद लावली, गळ्यात माळ घातली आणि या धोंड्यावर उभे केले. शेजारी दिमाखाला म्हणून झूल घातलेला राजा बांधला होता. केराप्पाच्या हातात सुरी होती. पठार माणसांनी फुलले होते.

रीत अशी, की आधी एडक्यावर पाणी घालायचे. त्याने अंग झाडले, तर देवाला तो पसंत पडला. मेंढरू भिजले की अंग झाडतेच, त्यामुळे देव नाही म्हणेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

तेवढ्यात डोक्यावरचा पदर घट्ट खोचून ठकू गर्दीतून पुढे आली. सासऱ्यापुढे ती कधी मान वर करून बोलली नव्हती.

"मामंजी, थांबा. दरसाली आपण देवाला निकं देतोय आन् घरात किडकं ठेवतोय. मग निकी पिल्लं कुठनं व्हायची? ह्यो गेला की पठार बसलं!"

केराप्पाचा चेहरा रागाने काळानिळा झाला. "तुला तुझ्या म्हायेरचा एडका वाचवायचाय, एवढंच!"

"व्हय, वाचवायचाय!" ठकू म्हणाली. "त्यो मला लाडका हाय, खोटं कशाला बोलू? पर घाला पानी. त्यानं अंग झाडलं, तर तुमच्या हातातली सुरी मी धरीन. माझ्या हातानं देईन देवाला."

आता मागे फिरणे नव्हते. पहिली घागर ओतली. भुंड्या चिंब झाला आणि नुसता उभा राहिला. लोक म्हणाले, पाणी कमी पडले. दुसरी ओतली, तिसरी ओतली. लोकरीतून पाण्याच्या धारा लागल्या, पण कातडीला साधी थरथर नाही. चौथी घागर ठकूच्या नवऱ्याच्या हातात होती. त्याने बायकोकडे बघितले, डोळे मिटले आणि ओतली. भुंड्या हलला नाही. पाचवी, सहावी, सातवी! बायका पोरांना उचलून दाखवू लागल्या, माणसे देवळाच्या भिंतीवर चढली. शेवटी केराप्पाने स्वतः घागर उचलली आणि सगळी ताकद लावून भुंड्याच्या डोक्यावर रिती केली.

भुंड्याने चारही खूर धोंड्यात असे काही रोवले, म्हणतात, की कातळ मेणासारखा दबला. अंग त्याने झाडले नाही.

पण त्या पाण्याचे शिंतोडे शेजारच्या राजावर उडाले, आणि राजाने नाकापासून शेपटापर्यंत फडफडा अंग झाडले!

"देवानं राजा मागितला!" कोणीतरी किंचाळले. नवस केराप्पाचाच होता. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तो सुरी घेऊन राजाकडे वळला. माणूस शब्दाचा पक्का होता, एवढे मात्र खरे. ठकूने धावत जाऊन राजाची पापणी ओढली आणि सगळ्यांना दाखवली. पांढरीफटक! मग भुंड्याची ओढली. लाल!

"मामंजी, रोगट देवाला चालत न्हाई, ह्यो तुमचाच दंडक. राजाला देता येत न्हाई. आन् भुंड्या देवालाच नको."

केराप्पा कधी या एडक्याकडे, कधी त्या एडक्याकडे बघत राहिला. सुरीला काही कामच उरले नव्हते. त्याने ती धोंड्याच्या पायाशी ठेवली आणि विचारले, "मग पोरी, देवाला द्यायचं तरी काय?"

"ह्योच द्या. पर जित्ता. सातही कळपांत फिरू द्या. ह्याची पिल्लं, ती देवाचीच की."

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर झाला की खालच्या गावांना वाटले, पठारावर वीज पडली. भुंड्या देवाचा एडका झाला. राजालाही ठकूने टाकले नाही. माहेरी करत तसे जंतांवर पळसाचे बी कुटून ताकातून पाजले, उन्हे वर येऊन गवतावरचे दहिवर वाळल्याशिवाय चरायला सोडले नाही, आणि तो केराप्पाची भाकरी खात आणखी पाच वर्षे जगला. कळपात मात्र त्याला पुन्हा सोडले नाही. भुंड्याच्या पोटची काळी, ठेंगणी कोकरे पावसात उड्या मारू लागली आणि पठार पुन्हा मेंढरांनी भरले. केराप्पा त्यातले एखादे कोकरू उचलून घ्यायचा, त्याची पापणी ओढून बघायचा आणि येणाऱ्या जाणाऱ्याला अभिमानाने दाखवायचा, "माझ्या सुनंच्या म्हायेरचं हाय!"

आजही पठारावर दहिवर वाळल्याशिवाय मेंढरे सुटत नाहीत. आजही दसऱ्यानंतरच्या रविवारी लाल पापणीचा एडका या धोंड्यावर उभा राहतो आणि त्याच्यावर सात कळपांच्या सात घागरी ओततात. पहिल्या घागरीलाच तो अंग झाडतो, जवळच्या सगळ्यांना भिजवतो, आणि लोक हसत म्हणतात, "भुंड्या एकच झाला!" मग त्याला सुखरूप खाली उतरवून कळपात सोडतात. केराप्पाची म्हणून सांगतात ती सुरी आजही धोंड्याच्या पायाशीच आहे. तिला दर वर्षी हळद लावतात, फूल वाहतात. धार मात्र त्या दिवसापासून कोणी लावलेली नाही.