लोखंडी जबड्यातला ठोकळा

एका राज्यात सात वर्षे तहानलेला राजा होता. मांत्रिकाचा शाप असा, की ओठांशी पाणी आले की त्याची वाळू होई. उतारा एकच. मांत्रिकाच्याच अंगणातल्या खैराचा कटोरा त्याच्याच चाकावर फिरवून पटाशीने कातायचा आणि त्यातून पाणी प्यायचे. मांत्रिक कधीच मेला होता. त्याचे चाक मात्र जिवंत होते.

त्या चाकाला चार दातांचा लोखंडी जबडा होता. लाकूड कातणारा कातारी ठोकळ्याच्या बुडाला दांड्यासारखा खुंट कोरून ठेवी, जबडा तो खुंट धरी, आणि चाक आपोआप गरगरू लागे. ठोकळे तीनच मिळत. पहिला निसटला की कातारी गुडघ्यापर्यंत लाकूड होई, दुसरा निसटला की कमरेपर्यंत, आणि तिसऱ्याला काळीजही जाई. असे एकवीस कातारी तिथे उभे होते. एकविसावा दौलत.

त्याची बायको भिवरा, तीही कातारीण, राजाच्या पालखीमागून चालत आली. आणखी एक जीव नको म्हणून राजाने तिला परत जायला सांगितले. तिने नमस्कार केला आणि ती मांत्रिकाच्या घरात, चाकापाशी गेली. नवऱ्याच्या लाकडी गालाला हात लावला तेव्हा ती इतकी भ्यायली होती, की तिला धड रडताही येईना.

पहिल्या ठोकळ्याला तिने जीव खाऊन जबडा आवळला. खुंट चिरडला आणि ठोकळा तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीत घुसला. तिचे पाय गार पडून गुडघ्यापर्यंत लाकूड झाले. दुसऱ्याला तिने चांगला चार बोटे लांब खुंट ठेवला. तो थोडा वेळ टिकला, मग थरथरला आणि उडाला. लाकूड कमरेपर्यंत चढले.

आढ्यावर एक सुतारपक्षी बसला होता. तो म्हणाला, "कातारणी, जमिनीकडे पाहा."

जमिनीवर निसटलेल्या ठोकळ्यांचा सडा पडला होता. पुढच्या प्रत्येकाचा खुंट मागच्यापेक्षा लांब, दौलतचा सगळ्यात लांब. आणि सगळ्यांची टोके ठेचलेली. ती टोके जबड्याच्या तळाला आपटली होती, म्हणून ठोकळ्याचे बूड दातांवर बसलेच नव्हते. भीतीने सगळ्यांनी एकच चूक केली होती. तिनेही.

भिवराने तिसऱ्या ठोकळ्याचा खुंट करंगळीच्या नखाएवढा ठेवला. एवढ्याशा लाकडावर जीव टांगायचा म्हणून तिला दरदरून घाम फुटला.

"पुरेल का हा?" तिने विचारले.

"ठाऊक नाही," पक्षी म्हणाला. "कुणी करून पाहिले नाही."

तिने बूड दातांना टेकवले, भोवताली बोट फिरवून कुठे फट नाही ना ते पाहिले आणि जबडा बेताने आवळला. चाक फिरले. तिने डोळे मिटून घेतले. काही उडाले नाही. मग तिने डोळे उघडून पटाशी टेकवली, तशी लाल ढलपी निघू लागली. दुपार टळेपर्यंत ती कातत राहिली आणि सारा वेळ भीतच होती.

राजाने कटोरा ओठांना लावला. पाणी पाणीच राहिले. चाक थांबले, आणि एकवीस माणसे अंग झाडत जागी झाली. भिवराच्याही पायांत ऊब आली.

दौलतने आधी चाकाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "खुंट केवढा ठेवलास?" त्याने विचारले.

तिने करंगळीचे नख पुढे केले. दौलतने तिचा हात धरला. "वेडी आहेस का तू," तो म्हणाला, आणि काही केल्या तिचा हात सोडीना.