नाकावरचा ठिपका

निगेटिव्हा डब्यात घालून माणसं विसरून गेली होती, त्या काळी एका घरात नवा स्कॅनर आला. स्वच्छतेचा त्याला भारी गर्व. "माझ्या फोटोवर एक ठिपका दिसला, तर नाव बदलून टाकीन!" असं तो येताजाता ऐकवायचा.

त्या घरातल्या कुमुदनं आईच्या फोटोची एकुलती एक निगेटिव्ह त्याच्यात सरकवली. निगेटिव्ह हळूच म्हणाली, "दादा, धूळ खुशाल पूस. फक्त नाकावरचा तेवढा ठिपका राहू दे. तो..."

"ठिपका म्हणजे ठिपका!" स्कॅनरनं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. सगळं पुसून टाकलं.

पडद्यावर लख्ख चेहरा उमटला. कुमुदचे वडील चष्मा सावरून बघत राहिले. "कोण गं ही?"

"बाबा, आई आहे!"

"छे! तिच्या नाकात चमकी असायची."

कुमुद चपापली. तिनं स्कॅनरची आपोआप होणारी साफसफाई बंद केली, निगेटिव्हवरून मऊ ब्रश फिरवला आणि पुन्हा स्कॅन केलं. या खेपेला धुळीचे दोन-चार कण राहिले, पण चमकीही लकाकली.

"आली बघ," बाबा हसले.

ते कण स्कॅनरला अजून खुपतात. बाबांना मात्र त्यातला एकही दिसलेला नाही.