ठिपकी मुंगी आणि हत्तीचं पिल्लू

सकाळचे बरोब्बर आठ वाजले. वडाखालच्या वाचनालयाचं दार उघडलं. करकर, करकर! ठिपकी मुंगी आत शिरली. तुरुतुरु, तुरुतुरु!

काल तिची गोष्ट अर्धीच राहिली होती. गोष्टीतलं हत्तीचं पिल्लू रानात हरवलं होतं. आई दिसेना, वाट सापडेना. आणि आज बघते तर काय? पुस्तकच जागेवर नाही!

ठिपकीनं फळीन् फळी धुंडाळली. पिल्लू घरी पोचलं असेल ना?

कासवकाका पुस्तकं सांभाळायचे. ते म्हणाले, "ते पुस्तक शेळीताईनं नेलंय."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु!
"शेळीताई, शेळीताई, पुस्तक दे.
पिल्लू घरी पोचलं का, मला काही कळेना."
"कोंबडीकाकू चांदोबाचं पुस्तक देईल, तर मी हे देईन. पुस्तकाशिवाय मी नाही बाई राहायची."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु!
"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू, पुस्तक दे.
शेळी देईना,
पिल्लू घरी पोचलं का, मला काही कळेना."
"बेडूकदादा बाजाराचं देईल, तर मी हे देईन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु!
"बेडूकदादा, बेडूकदादा, पुस्तक दे.
कोंबडी देईना, शेळी देईना,
पिल्लू घरी पोचलं का, मला काही कळेना."
"म्हैसआजी तळ्याचं देईल, तर मी हे देईन. कधीचं धरून बसलीये!"

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु!
"म्हैसआजी, म्हैसआजी, पुस्तक दे.
बेडूक देईना, कोंबडी देईना, शेळी देईना,
पिल्लू घरी पोचलं का, मला काही कळेना."

म्हैसआजीनं मान खाली घातली. हळूच म्हणाली,
"मला वाचता येत नाही गं. नुसती चित्रं बघते. कुणी वाचून दाखवेल, तर देईन."

एवढंच होय! ठिपकी पानावर चढली. एकेका अक्षरावरून चालली. तुरुतुरु वाचत चालली. म्हैसआजी कान हलवत ऐकत राहिली. मधेच म्हणाली, "हा त का गं?"
"हो आजी, त. तळ्याचा त."

गोष्ट संपली. मग काय!
म्हैस निघाली डुलत डुलत, तळ्याचं दिलं बेडकाला.
बेडूक निघाला टुणुक टुणुक, बाजाराचं दिलं कोंबडीला.
कोंबडी निघाली फडफड फडफड, चांदोबाचं दिलं शेळीला.
शेळी निघाली टपटप टपटप, पिल्लाचं दिलं ठिपकीला.

ठिपकी म्हैसआजीच्या शिंगावर बसली. मोठ्यानं वाचू लागली. सगळे भोवती जमले. पान उलटलं. आणि आई दिसली! पिल्लू पळत सुटलं, आईच्या पोटाशी शिरलं.
"पोचलं गं बाई," म्हैसआजी म्हणाली.

बाळांनो, वाचनालय उघडं आहे. वाचता येतं त्यांनी या. येत नाही त्यांनी तर आधी या. शेजारच्या घरी एवढं सांगाल ना?