उघड्यावरच्या तीन ओळी

"पण बाबा, किल्ली बरोबर आहे, तरी आईचा आवाज उघडत का नाही?"

यशोधन दर्ग्यामागच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. तोंड पार उतरलेलं. आईचं बोलणं त्यानं ती असतानाच भरून घेतलं होतं, आणि परक्याच्या कानी पडू नये म्हणून फाइलीला कुलूप घातलं होतं; किल्लीचा शब्द फक्त त्यालाच ठाऊक. आता आई जाऊन वर्ष होत आलं.

दस्तगीरबाबा फकीर खरे, पण हात संगणकावर बसलेला. ते कुलूप त्यांच्याच लायब्ररीतलं. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे हो. ज्याला लागेल त्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरावीत अशी तयार अवजारं.

"फाइलीच्या माथ्यावर माझी लायब्ररी तीन ओळी लिहिते," बाबा म्हणाले. "कुलूप कोणत्या रीतीचं, फेरे किती, सुरुवातीचा आकडा कोणता. त्या कुठायत?"

"छाटल्या मी."

"का रे?"

"उघड्यावर होत्या! कुणीही वाचल्या असत्या. मला वाटलं... बाबा थकले, चुकले असतील."

बाबा हसले. "मग तुझ्या ध्यानात असतील."

"रीत आठवते. फेरेही. पण तो आकडा..." त्यानं मान हलवली. "यंत्रानंच काढला होता, लांबलचक. दर वेळी निराळा काढतं. गेला तो. आई दुसऱ्यांदा गेली, बाबा."

...

बाबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दंडाला धरून बाहेर नेलं आणि उघडं दार ओढून घेतलं.

दाराच्या बाहेरच्या अंगाला खडूनं तीन ओळी लिहिलेल्या. पुसट झाल्या तशा वरचेवर गिरवलेल्या.

"कुलूप घातलंस त्या दिवशी माझ्याच संगणकावर बसला होतास. तू छाटलंस, मी उचललं."

यशोधननं ओळी फाइलीच्या माथ्यावर पुन्हा भरल्या. किल्ली घातली.

"यशा, जेवलास का रे?" आई म्हणाली.

पोरगं रडलं, हसलं, पुन्हा रडलं. मग एकदम दचकलं.

"बाबा! दारावर? वर्षभर? येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचलं असेल की!"

"वाचलं ना. फुलवाल्या हमीदाला तर पाठ आहे." बाबांनी डोळे टिपले. "तुझ्या आईचा आवाज मात्र मीसुद्धा आजच ऐकला."