ठमाईचं दुसरं मडकं

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या डोंगराला अजून नावसुद्धा पडलं नव्हतं तेव्हा, दरेवाडीत ठमाई राहायची. एके वर्षी पाऊस असा रुसला की नाचणी शेतातच करपली आणि घराघरातल्या कणग्या रिकाम्या झाल्या. ओढा तेवढा झऱ्याच्या पाण्यावर वाहता होता, आणि रानात उरला होता कडू करांदा. तो कंद खाल्ला की माणूस ओकून ओकून मरायचा. रानडुकरंही त्याला हुंगून पळायची, असं म्हणतात.

ठमाईची लेक हिरी तेव्हा नुकती बाळंत झालेली. पोटात अन्न नाही, अंगावर दूध नाही. तान्ही पोर रडून रडून आता रडेनाशी झाली होती.

ठमाईनं करांदे खणले. ओढ्यापलीकडे भावजय मैनी राहायची, तिच्या ओट्यावर बसून चकत्या केल्या, विष मरावं म्हणून राख चोळली आणि टोपली घेऊन घराकडे निघाली. ओढ्यात पाय घसरला. टोपली वाहत जाऊन दगडांत अडकली, ती दुसऱ्या दिवशी हाती लागली. ठमाईनं त्या चकत्या शिजवल्या आणि आधी स्वतः खाल्ल्या. काही झालं नाही! राखेनं विष मारलं, असं गावानं ठरवूनही टाकलं. भुकेल्या माणसाला ठरवायला कितीसा वेळ लागतो?

हिरीनं हात पुढे केला. "आये, तुला कायबी झालं न्हाय. मग दे की गं घासभर!"

ठमाईचं काळीज तुटलं, पण तिनं मडकं मागे ओढलं. "येकदा जमलं म्हंजी जमलंच असं न्हाय, बाय. अजून येक डाव करू दे."

गावानं तिला दगडाच्या काळजाची म्हटलं. दुसऱ्या मडक्याच्या चकत्यांना तिनं राख दुप्पट चोळली, शिजवलं, खाल्लं, आणि दुपारी अंगणात कोसळली. तोंडाला फेस आला. हिरी आईचं तोंड पुसत राहिली. पहिल्याच मडक्यावर भरवसा ठेवला असता, तर हा घास आज तिच्याही पोटात असता.

पण ठमाई उठली. तिची जीभ तेव्हापासून इतकी कडू झाली की तिला चावलेला डास जागीच मरायचा, असं म्हणतात. उठल्याबरोबर ती म्हणाली, "पयल्या येळंला टोपली वढ्यात व्हती."

मग तिनं नव्या चकत्यांची टोपली मुद्दाम रात्रभर वाहत्या पाण्यात दगडाखाली ठेवली. शिजवून खाल्लं, तर मडकं गोड उतरलं. लोक मडक्याकडे धावले, तर ही पुन्हा वाटेत आडवी आली! "गुण वढ्याचा का माझ्या हाताचा, ह्ये कळाया नगं? आता मैनी करंल."

मैनीनं आपल्या हातानं चिरलं, ओढ्यात ठेवलं, आपल्या चुलीवर शिजवलं. ठमाईनं तेही खाल्लं. सारं गाव तिच्या तोंडाकडे बघत बसलं. ऊन अंगणातून कुडावर चढलं, तशी तिनं ढेकर दिली. बायका हसत हसत रडल्या. हिरी जेवली. संध्याकाळी तिला पान्हा फुटला, आणि पोर दूध प्यायली त्याचा आवाज शिवेपर्यंत ऐकू गेला, असं म्हणतात.

दरेवाडीत अजून ठमाईच्या नावानं करांदे शिजतात. एका घरी गोड उतरले, तरी कुणी तोंड लावत नाही. दुसऱ्या घरी, दुसऱ्या बाईच्या हातून पुन्हा मडकं चढतं. तेही उतरलं की जाणत्या बायका आधी चाखतात. मग पहिलं पान वाढतात, ते गावातल्या बाळंतिणीला.