बेलकुंभच्या मैदानातला चौथा चौकोन

बाहेरगावचे संघ आले की त्यांचे शिक्षक आधी खांब हलवून बघतात. खांब मजबूत आहेत, काळजी नको. तुम्ही जरा खाली बघा. पूर्वेच्या खांबापासून चौथा चौकोन मोजा. बाकीचे सात सपाट आहेत आणि हा बशीसारखा खोलगट. दर दिवाळीनंतर दोन घमेली लाल माती टाकायची, पाणी मारायचं, चोपून सारखा करायचा, आणि चैत्र आला की हा पुन्हा खचलेला. एकतीस वर्षं मी या शाळेत शिपाई होतो, ती माती मीच टाकत आलो. मागे एक इंजिनिअर आले होते. म्हणाले, खाली जुना भराव असेल. असेल बुवा. गावात मात्र वेगळं सांगतात.

गोष्ट माझ्या जन्माआधीची. हणमंत घार्गे नावाचे मास्तर इथे कवायत शिकवायचे. शाळेला तेव्हा छप्पर अर्धंच होतं म्हणे, पण मैदानाची माती चाळणीने चाळलेली. खो-खोचा संघ त्यांनीच बांधला. नियम तुम्हाला ठाऊकच आहे. आठ गडी चौकोनात बसतात, नववा पाठलाग करतो, आणि बसलेल्याच्या पाठीवर आपल्या गड्याचा हात पडून ‘खो’ ऐकू आल्याशिवाय त्याने उठायचं नाही. हा नियम सगळ्याच गावांत आहे. आमच्या गावाने तो जरा जास्तच मनावर घेतला. बेलकुंभची माणसं अशीच, एकदा धरलं की हात भाजला तरी सोडत नाहीत.

या चौथ्या चौकोनात येसू बुरुंगले बसायचा. मेंढरांमागे पळून पाय तयार झालेला पोरगा. त्याच्यासारखा पळणारा गावाने पुन्हा पाहिला नाही, असं म्हातारे सांगायचे. मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला आठवडा होता, मैदानावर सराव चालला होता, आणि बसलेल्या येसूच्या पायाला फुरसं चावलं. हातभर लांबीचा तो साप, पण त्याचं विष मांस सडवतं. येसूने साप पाहिला आणि बसून राहिला. चार वेळा खो दुसऱ्यांना मिळाला. पाचव्यांदा त्याच्या पाठीवर हात पडला तेव्हा तो उठला, पळणाऱ्याला शिवला आणि तिथेच कोसळला.

जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. अंतिम सामना त्याच्या जागी दुसरा गडी घेऊन खेळले आणि जिंकले. शाळेत पाटी लागली, तिच्यावर नऊ नावं. त्यांत येसू नव्हता. शिक्षण सुटलं, मेंढरं सुटली, आणि तो इथून सात कोसांवर माळेवाडीला गुऱ्हाळावर चुलाणात उसाची चिपाडं टाकायच्या कामाला लागला.

मास्तर मात्र दर वर्षी नव्या पोरांना ही गोष्ट सांगायचे. छाती फुगवून सांगायचे म्हणे, ‘साप चावला, पण माझा गडी उठला नाही.’ वीस वर्षं गोष्ट सांगितली आणि वीस वर्षांत सात कोस जाऊन त्या गड्याला एकदा भेटले नाहीत. मला या माणसाचा राग येतो. गावात मी हे बोलत नाही, तुम्ही परके म्हणून बोललो.

पुढे शाळेला पंचवीस वर्षं झाली. जुन्या नामांकित खेळाडूंचा आणि मास्तरांचा सत्कार करायचं ठरलं. चैत्राचे दिवस, सकाळी नऊची वेळ, मांडव, शाली, नारळ. मास्तर तेव्हा सत्तरीला टेकलेले. अध्यक्षांनी पाटीवरची नऊ नावं वाचली, टाळ्या झाल्या, आणि शेवटी मास्तरांना पुढे बोलावलं. मास्तर उठले आणि त्यांनी विचारलं, “येसूचं नाव ऱ्हायलं का?”

अध्यक्ष म्हणाले, “त्यो फायनल खेळला न्हाई, मास्तर. पाटीवर हाय त्येवढीच नावं घेतली.”

ती पाटी मास्तरांनीच रंगवून घेतली होती. ते मांडवातून बाहेर पडले, धोतराचा काचा मारला आणि चौथ्या चौकोनात खेळाडूच्या बैठकीत जाऊन बसले. म्हणाले, “येसूला आना. त्याच्या हातचा खो मिळाला की उठंन.”

लोकांना आधी गंमत वाटली. ऊन चढलं तशी गंमत गेली. कुणी छत्री धरली, मास्तरांनी ती बाजूला सारली. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला नाही. अध्यक्षांनी स्वतः मागून येऊन पाठीवर हात ठेवला आणि खो म्हटलं. मास्तर हलले नाहीत. “तुमी माज्या संघातलं न्हाई,” म्हणाले. गुडघे साथ देईनात तेव्हा त्यांनी मांडी घातली, पण चौकोनाची रेघ सोडली नाही.

येसूला आणायला शाळेच्या शिपायाला सायकलवरून पाठवलं होतं. तो शिपाई म्हणजे माझे वडील. अकराच्या सुमाराला ते गुऱ्हाळावर पोचले. येसूने काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं. वीस वर्षांत शाळेतून त्याच्याकडे आलेला हा पहिला माणूस. चुलाणात चिपाडं सारत तो म्हणाला, “मास्तरास्नी सांगा, म्या उठलो न्हवतो. त्येंनीबी उठू नये.”

वडील तसेच माघारी फिरले. एक वाजता मैदानावर आले आणि साऱ्या गावासमोर तो निरोप त्यांनी जसाच्या तसा सांगितला. मास्तरांनी मान हलवली. “बराबर हाय त्याचं,” एवढंच म्हणाले. त्यानंतर ते कुणाशी बोलले नाहीत.

वडिलांना बदलून सांगता आलं असतं. ‘येसू वाटेत आहे, सावलीत बसा,’ एवढं म्हणायला काय लागत होतं? मरेपर्यंत त्यांना हे डाचत राहिलं. शेवटच्या आजारपणात मला म्हणाले, “निरोप हाय तसा द्यायचा, ही शिस्त मला मास्तरांनीच लावली हुती रं.” मी त्यांचे पाय चेपत बसलो होतो.

इकडे येसूचं काय झालं ते गुऱ्हाळावरच्या लोकांनी मागाहून सांगितलं. सायकल दिसेनाशी झाली तसा त्याचा हात थांबला म्हणे. मालकाला न विचारताच तो निघाला. वाटेत एक बैलगाडी मिळाली ती तीन मैलांपुरती, बाकीचं सगळं अंतर त्या पायाने. दिवस मावळायच्या बेताला तो वेशीवर दिसला तेव्हा पोरं ओरडत सुटली, येसू आला, येसू आला. गर्दीने वाट करून दिली.

मास्तर बसलेलेच होते. पाठ ताठ, हनुवटी छातीवर. येसू मागून आला, जसं मागून यायचं असतं तसं. त्याने पाठीवर पंजा ठेवला आणि म्हणाला, “खो.”

मास्तर उठले नाहीत. त्याने पुन्हा म्हटलं, मग मोठ्याने म्हटलं. पाठ उन्हाने अजून गरम होती, त्यामुळे त्याला बराच वेळ कळलंच नाही, असं सांगतात. शेवटी चौघांनी त्याला धरून बाजूला केलं.

पुढे शाळेने पाटीवर त्याचं नाव घालायचं म्हटलं. त्याने घालू दिलं नाही. तो जिवंत होता तोवर दर चैत्रात चालत यायचा, मोकळ्या चौकोनामागे वाकायचा, खो म्हणायचा आणि कुणाच्या घरचं पाणीही न पिता परत जायचा. कुणी याला मास्तरांचा चौकोन म्हणतं, कुणी येसूचा. बाकी सारा खेळ इथे होतो, पण या चौकोनात बसायला पोरं आजही कचरतात.

तेव्हापासून आमच्याकडे खेळाडूंचा सत्कार मांडवात होत नाही. ज्याचा मान, त्याने मैदानात पाठ करून बसायचं आणि जुन्या गड्याने मागून येऊन खो द्यायचा, मगच त्याने उठायचं. त्याआधी यादी तीनदा वाचतात आणि मोठ्याने विचारतात, कोण राहिलं? तुम्हाला वाटेल, गाव शहाणं झालं. मी एकतीस याद्या ऐकल्या. दर वर्षी कुणी ना कुणी राहतंच. पुढच्या वर्षी घेऊ म्हणतात, आणि पुढच्या वर्षापर्यंत त्यांतलं एखादं माणूस जातं. गेल्या खेपेला माझ्याच हाताखालची झाडूवाली राहिली. पूर्वी मुलींच्या संघाची कप्तान होती ती. झाडू घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत होती. ही तीच कप्तान, हे माझ्याही ध्यानात आलं ते कार्यक्रम संपल्यावर.

आणि आजही, यादी वाचायच्या आधी, गावातला सगळ्यांत जुना खेळाडू या खड्ड्यामागे येऊन वाकतो, हवेत हात ठेवतो आणि खो म्हणतो. कुणी उठत नाही. मग कार्यक्रम सुरू होतो.